पाच चित्रांची कोलांटी

हे कोणी खरं मानणार नाही. वच्छलाबाई, तुम्ही तर मुळीच नाही. तुम्हाला तुमच्या नवऱ्याचंही खरं वाटत नाही, आणि त्यात तुमचं काही चुकतही नाही. पण पिंपळबोडीच्या लटारूने कोलांटी शिकवायचा तक्ता रंगवला आणि पुढे जे झालं, ते शब्द न् शब्द खरं आहे. सुपारी कातरत बसा आणि ऐका.

पिंपळबोडी गडचिरोलीच्याही पलीकडे, जंगलाच्या कुशीत. गावाच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, ही अशी उंच, आणि पाळीच्या अगदी पायथ्याशी शाळा. पाळीतून झिरपणाऱ्या पाण्याने शाळेचं मैदान बारा महिने मऊ. पोरं पडली तरी हाडं मोडत नसत, आणि उभी राहिली तर घोट्यापर्यंत आत जात. अशी सोयीची जागा सरकारने शोधून काढली नव्हती; दुसरी कुठली मालकांना सोडवत नव्हती.

मालक म्हणजे गुणवंतराव, गावचे माजी मालगुजार. सरकारने त्यांची मालगुजारी घेतली, पण घाईघाईत मिशा आणि 'मालक' हे नाव न्यायचं राहून गेलं. आता हुकूम सोडायला काहीतरी हवं, म्हणून ते गावच्या नाटक मंडळाचे अध्यक्ष झाले होते.

आणि लटारू त्या नाटकांचे पडदे रंगवायचा. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा भरे, रात्रभर नाटक चाले, आणि नटांच्या मागे लटारूचा पडदा झुले. वर्षभर लोक त्याला लटाऱ्या म्हणत. मंडईपुरता तो लटारू पेंटर होई. तेवढ्यासाठीच तो जगायचा म्हणा ना. पण गेल्या मंडईत त्याच्या जंगलातला वाघ पाहून पुढे बसलेली एक म्हातारी ओरडली, "अगाई, कोनाचं वासरू सुटलं वं?" नाटक राहिलं बाजूला, अख्खा मांडव हसला, आणि मालकांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की येत्या साली पडदा नागपूरचा.

तेव्हापासून लटारूला जेवण गोड लागेना.

अशात चांद्याहून शाळेला हुकूम आला. पोरांना कोलांटी शिकवा, कशी मारायची त्याचा तक्ता भिंतीला लावा, शाळा तपासणारे डेप्युटी साहेब येऊन पाहतील. आता पिंपळबोडीची पोरं चालायच्या आधी भाताच्या तणसाच्या ढिगावरून कोलांट्या खात. पण ती अडाणी कोलांटी. सरकारला शिकलेली हवी होती, तक्ता पाहून मारलेली.

मालकांनी लटारूला बोलावलं. "लटाऱ्या, तक्ता चांगला झाला तं पडदा तुले. साहेबानं नाक मुरडलं, तं बैलाचे शिंगं रंगवत बस."

भैयाजी मास्तरांनी लटारूला समजावलं, "पाच चित्रं काढायची. पोरगा उकिडवा बसला. मग हात टेकले, हनुवटी छातीले लावली. मग ढुंगण वर. मग पाठीवर गोल. मग उभा. समजलं का?"

"समजलं गुर्जी. पन पाचही चित्रात एकच पोरगा?"

"एकच."

लटारूला मास्तरांची कीव आली. एवढा शिकलेला माणूस, आणि पडद्याचा साधा कायदा ठाऊक नाही! एका कापडावर एकच माणूस दोनदा दिसला, तर एक तर तो भूत, नाहीतर पेंटर मोहाची पिऊन बसलेला. दुसरा कायदा त्याहून जुना: ज्याने सामान दिलं, त्याचं तोंड कापडावर आलंच पाहिजे.

तक्त्याचा मांजरपाट मालकांचा, म्हणून पहिल्या चित्रात मालक उकिडवे बसले. रंगात घालायचा सरस दुकानदार बापूजींचा, म्हणून दुसऱ्यात त्यांनी हात टेकले. चौथ्यात मास्तर पाठीवर लोळले. पाचवा पाटलांनी आधीच धरून ठेवला होता. माणसासारखं उभं राहायची सोय तेवढ्या एका चित्रात होती. वादाचा राहिला तिसरा. ढुंगण आभाळाकडे करायला गावात कोणी तयार होईना. गावाची अब्रू इतकी दांडगी आहे, हे लटारूला त्या दिवशी कळलं.

शेवटी त्याने विचार केला, तोंड तर दिसतच नाही, कोणाला काय कळणार? धोतर रंगवताना पहिल्या चित्रातल्या मालकांच्या किनारीचा जांभळा रंग वाटीत उरला होता, तो फुकट कशाला घालवायचा, म्हणून तिसऱ्याच्या किनारीला लावून टाकला.

"अन् लोकाईनं ओळखलं असन," वच्छलाबाई अडकित्ता थांबवून म्हणाल्या.

ओळखणार नाही तर काय? पिढ्यान् पिढ्या गाव मालकांच्या मागून चाललेलं. तोंड वर करून पाहायची कोणाची छाती नव्हती, पण मागची बाजू पोरासोरांना पाठ होती. नशीब एवढंच, की मालकांनी स्वतःची ती बाजू कधी पाहिली नव्हती. ते तक्त्यापुढे उभे राहिले, पहिल्या चित्रातल्या मिशा पाहिल्या आणि खूश होऊन घरी गेले.

डेप्युटी साहेब आले. टोपी सरळ, नाक वाकडं. मास्तरांनी पाच पोरं पुढे काढली आणि म्हणाले, "तक्ता पाहा अन् करा!"

पहिलं पोरगं उकिडवं बसलं, ते बसूनच राहिलं. दुसऱ्याने हात टेकले आणि हनुवटी छातीला लावून तसंच थिजलं. तिसऱ्याने ढुंगण वर केलं. चौथं पाय वर करून पाठीवर पडलं. पाचवं पाटलांसारखं पोट काढून उभं राहिलं. माशी बसली तरी कोणी हललं नाही.

साहेबांनी वाट पाहिली. "मास्तर, यात कोलांटी कुठे आहे?"

"ज्याच्या वाट्याले जे आलं, ते त्यानं केलं साहेब," पाठीवरचं पोरगं म्हणालं.

"आणि तक्त्यातला हा तिसरा कोण?"

"मालक!" पाचही पोरं एका सुरात.

गाव हसलं. मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा तिसरं चित्र नीट पाहिलं, आणि त्यांच्या मिशा ताठ झाल्या. लटारूच्या डोळ्यांपुढे बैलांची शिंगं नाचू लागली. साहेब शेरा लिहायला पेन काढणार, तोच त्याने हात जोडून उडी घेतली.

"साहेब, चित्र बराबर हाय! पोरं चुकले. किनार पाहा. पयला अन् तिसरा एकच मानूस हाय न? मंग मदातला दुसरा कोन असन? तोच! चौथा, पाचवा? तोच! कोलांटी एकट्या मालकाची हाय साहेब. बाकीचे तोंडं निरे सामानाचे."

साहेबांनी किनार पाहिली. मग मालकांचं धोतर पाहिलं. "असं? मग मालकच करून दाखवतील."

नाही म्हणावं तर साहेबांपुढे अब्रू जाते. मालकांनी कासोटा आवळला, बसले, हात टेकले, हनुवटी छातीला लावली, आणि निघाले! एक कोलांटी झाली तरी थांबेनात. मैदान मऊ, मालक गोल. दुसरी झाली, तिसरी झाली, पोरं बाजूला पळाली, शाळेची घंटा आपोआप वाजली, आणि मालक गडगडत गडगडत पाळीवरून थेट तलावात! धब्बकन आवाज झाला. बगळे उडाले ते सिरोंच्याला जाऊन बसले. तेवढ्यात कमळाची पानं फाटली आणि मालक वर आले, कानात कमळ, कासोट्यात मासळी, आणि उभे कसे? तर हुबेहूब पाचव्या चित्रातल्यासारखे. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी पाण्यातूनच हात वर केला आणि गरजले, "पडदा लटारू पेंटरचाच!"

वच्छलाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

"पडद्याचं खरं असन. त्या सालच्या मंडईत वासरू मीबी पाह्यलं. पन भाऊ, शाळा पाळीच्या पायथ्याशी मनली न तुमी? मंग तुमचा मालक चढावर गडगडला का?"