तिसऱ्या फेरीची फिल्म

क्लबच्या जिन्यात तो तक्ता लागला आणि त्या आठवड्यात कुणाचं सरावात धड लक्ष लागलं नाही. पंच्याहत्तर वर्षांत या क्लबनं आठ विजेते दिले होते. कोचच्या लेकीनं त्या आठांना संगणकावर एकमेकांसमोर उभं केलं होतं. उंची, हाताची लांबी, मिनिटाला किती ठोसे, त्यातले लागले किती, एवढे आकडे घालायचे आणि प्रत्येक जोडीच्या हजार लढती खेळवायच्या. वर्धापनदिनासाठी गंमत म्हणून केलेलं काम होतं, पण गंमत गंमत म्हणून घेतील तर ते बॉक्सर कसले!

"मिशीवाल्याला चौथा टाकलाय," मालिशवाला जिन्यातच अडून बसला. "बारा वर्षं त्याच्या खांद्यांना मी तेल लावलंय. तुझ्या संगणकानं लावलंय का?"

"तुमचं तेल वजा केलं तर सहाव्यावर जाईल तो, काका," लेक म्हणाली.

"भौतिकशास्त्र शिकून हे बोलणं शिकलीस!"

सगळ्यात वर नाव होतं 'तुफान'. हे नाव एका वर्तमानपत्रानं पंचावन्न वर्षांपूर्वी दिलं होतं, आणि ते ज्याला दिलं तो आता एक्क्याऐंशीचा होऊन क्लबच्या वरच्या दोन खोल्यांमध्ये कोचच्या घरात राहत होता. कोचचे वडील, आबा. दुसऱ्या क्रमांकावर होता लंबू, आजचा विजेता, कोचचाच पठ्ठ्या. दोघांची गाठ पडली तर हजारातल्या सहाशे ऐंशी लढती तुफान जिंकत होता.

कोचनं तक्ता वाचला, चष्मा खिशात टाकला आणि वर गेला. त्याला नवल वाटलं नाही. गेली चाळीस वर्षं तो हेच ऐकत आला होता, फक्त आज ते छापून आलं होतं.

आबांकडे एक फिल्म होती. एका प्रेक्षकानं हौसेनं घेतलेली, आवाज नसलेली, अंतिम सामन्याची अख्खी तिसरी फेरी. पूर्वी ती क्लबच्या प्रोजेक्टरवर पडद्यावर लावायचे. मग कुणीतरी पडद्यावरूनच तिची कॅसेट केली, कॅसेटवरून सीडी, सीडीवरून मोबाइल. त्या फिल्ममधल्या माणसाचे हात दिसायचे नाहीत, नुसती रेघ दिसायची. समोरच्याची मान मागे जायची तेव्हा कळायचं, ठोसा येऊन गेला.

कोच अकरा वर्षांचा असल्यापासून त्या पडद्यासमोर उभा राहत आला होता. "बघ, असा यायला पाहिजे हात," आबा म्हणायचे. तो मारायचा. "मंद," आबा म्हणायचे. ओरडून नाही, वजनकाट्यावरचा आकडा वाचावा तसं. तो पहाटे उठून दोरी मारायचा, मनगटांना वाळूच्या पिशव्या बांधून सरावाची लटकती पिशवी बडवायचा, परत पडद्यासमोर यायचा. "मंद." बाविसाव्या वर्षी विभागाच्या निवडीसाठी त्याचं नाव आलं, तेव्हा त्यानं स्वतःच ते मागे घेतलं. जिथं जायचं तिथं मंदच ठरायचं असेल, तर लोकांसमोर कशाला? त्यानं शिकवायला घेतलं. शिकवणं त्याला जमलं, असं सगळे म्हणत. तोही म्हणायचा. बोलताना फक्त त्याचा आवाज जरा थकलेला यायचा, आणि घरच्यांना वाटायचं, आवाजच तसा आहे.

तक्ता लागला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लंबूही बिघडला. कुणाशी न बोलता पट्ट्या बांधायचा आणि पिशवीवर तुटून पडायचा. वेगाच्या नादात ठोसा अर्ध्यातूनच परत यायला लागला, डावा हात हनुवटीवरून खाली उतरायला लागला.

"काय चाललंय हे?" कोचनं विचारलं.

"काही नाही, सर. जरा स्पीड वाढवतोय."

कोचला ते वाक्य ओळखीचं वाटलं. तो दोरी मारणाऱ्या पोरांकडे वळला.

रविवारी दुपारी लेक लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. कोच गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता.

"बाबा, माझी एक चूक झालीये. आजोबांना सांगायच्या आधी तुला सांगते."

"टाइप करताना?"

"नाही. फेरी किती मिनिटांची असते?"

"तीन."

"तेव्हाही?"

"तेव्हाही. का?"

"फिल्ममध्ये फेरी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सव्वादोन मिनिटंच आहेत."

"मधला तुकडा गेला असेल."

"मलाही तेच वाटलं. पण मधे कुठं तोड नाही, एकेक चित्र पाहिलं मी. मग हे बघ." तिनं फिल्म एका जागी थांबवली. समोरच्या बॉक्सरच्या तोंडातून दातांवरचं रबर उडालेलं दिसत होतं. "हे तोंडातून निघून जमिनीवर पडतं. दीड मीटर धर. पडायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागायला हवा. इथं सेकंदाच्या चाळीस शतांशांतच पोचलंय. बाबा, माणसं बदलतात, हातमोजे बदलतात, पण पडणारी वस्तू आजोबांच्या काळातही तेवढ्याच वेगानं पडायची."

"मग?"

"कॅमेरा सेकंदाला अठरा चित्रं घेत होता. प्रोजेक्टर चोवीस दाखवत होता. त्याला दोन वेगांचं बटण असतं, ते जलदवर राहिलं असणार. कॅसेट तशीच झाली आणि पुढचं सगळं तसंच. आजोबांचे मिनिटाला बहात्तर ठोसे मी मोजले होते. खरे चोपन्न आहेत. लंबूचे अठ्ठावन्न."

कोचनं वाकून पडद्यावरच्या त्या हवेत लटकलेल्या रबराकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, "चोपन्न म्हणजे... चांगला वेग ना?"

"खूपच चांगला. पण माणसाचा."

त्याला वाटलं होतं, असं काही कधी कळलं तर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. चार मजले चढून गोणी वर आणावी आणि दार उघडणाऱ्यानं सांगावं, पत्ता चुकलाय, तसं झालं. गोणी तर आणून झाली होती.

"दाखवू आजोबांना?" लेकीनं विचारलं. "नाही दाखवलं तरी तक्ता मला बदलावाच लागेल. चुकीचा आकडा भिंतीवर ठेवायचा नाही मला."

"दाखव," कोच म्हणाला.

आबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. लेकीनं त्यांच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला आणि काही न सांगता फिल्म लावली, बरोबर वेगानं. कोच दाराशी उभा राहिला. आता हात दिसत होते. खांदा वळतो, मग कोपर, मग मूठ. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी. पायही दिसले, तेही थकलेले. शेवटच्या मिनिटात तो सव्वीस वर्षांचा माणूस दोरांना टेकून तोंडानं श्वास घेत होता. जुन्या फिल्ममध्ये हे टेकणं कधी लक्षातच आलं नव्हतं.

फेरी संपली. आबा म्हणाले, "परत लाव."

तिनं परत लावली. दुसऱ्यांदा संपल्यावर ते म्हणाले, "हो, इतकी लांब होती ती फेरी. संपता संपेना. फिल्ममध्ये मला ती नेहमी छोटीच वाटायची. म्हटलं, मार लागला की वेळ लांबतो, तसं असेल."

लेकीनं त्यांना प्रोजेक्टरचं सगळं समजावून सांगितलं.

"आबा," कोच दारातूनच म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं? तुमचाच हात होता तो."

"माझा हात मी कुठं बाहेरून बघितला होता रे? आतून नुसता जड लागतो. बाहेरून कसा दिसतो ते त्या फिल्मनंच सांगितलं मला. मॅच झाल्यावर आठ महिन्यांनी आली ती फिल्म. पाहिली आणि पिशवीसमोर उभा राहिलो. दोन महिने जीव काढला. तो हात काही येईना. सत्ताविसावं चालू होतं. म्हटलं, उतरलो आपण. सोडून दिलं."

"तुम्ही तर सांगता, लग्न झालं म्हणून सोडलं."

"लग्न झालंच की तेव्हा. सांगायला बरं होतं."

लेक जमिनीवर बसली होती. तिनं एकदा आजोबांकडे, एकदा बापाकडे बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

कोच आत आला. त्याला एकच विचारायचं होतं, आणि चोपन्नाव्या वर्षी ते विचारताना त्याला लाजही वाटली. "माझा हात कसा होता, आबा? बाविसाव्या वर्षी. खरा."

"तुझी फिल्म नाहीये का, बाबा?" लेकीनं हळूच विचारलं. "मी मोजून देते."

"माझी कोण काढणार?"

आबांनी डोळे मिटले. ते आठवत होते, हे त्यांच्या बोटांवरून कळत होतं. बोटं मांडीवर मुठीत मिटत होती आणि उघडत होती. शेवटी त्यांनी डोळे उघडले, आणि त्यांचा चेहरा सकाळपेक्षा म्हातारा दिसला.

"नाही आठवत," ते म्हणाले. "तू मारत असायचास, आणि मी फिल्मच बघत असायचो."

कोचनं मान हलवली. यापेक्षा जास्त काही येणार नाही हे त्याला कळलं, आणि जे आलं ते खरं आहे हेही कळलं. त्यानं आबांच्या पायांवरची सरकलेली चादर नीट केली.

"तक्त्यावर मला खाली घाल," आबा नातीला म्हणाले. "कितवा येतो?"

"दुसरा. लंबूशी हजारात चारशे चाळीस तरी जिंकता. पण आजोबा, चोपन्न आणि अठ्ठावन्न म्हणजे फार काही सांगता येत नाही. कोण जिंकलं असतं ते मला खरंच माहीत नाही."

"तेही लिही खाली," आबा म्हणाले. "माहीत नाही, असं."

पाच वाजता कोच खाली उतरला. लंबू पिशवीवर तुटून पडला होता, घामानं निथळत, हनुवटी उघडी. कोचनं पिशवी धरून थांबवली.

"सर, थोडा कमी पडतोय अजून. आज रात्री परत ती फिल्म—"

"फिल्म चुकीची होती. वर जाऊन तिला विचार, ती आकडे सांगेल. आधी इकडे ये." कोचनं हातात पॅड चढवले आणि रिंगमध्ये मधोमध उभा राहिला. त्याचे गुडघे कुरकुरले. "चल, मार."

"किती स्पीडनं?"

"तुझ्या. मी बघतोय."

लंबू गोंधळला, मग त्यानं मारलं. खांदा, कोपर, मूठ. कोचनं दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. तिसऱ्या ठोशालाच त्याच्या खांद्यातून कळ गेली. त्यानं पॅड खाली केले नाहीत.