स्निकर

अनुराधा नवऱ्यामागे, प्रतापमागे, जपानात हिगाशी-कसाईत आली तेव्हा तिची इंग्रजीतली एम.ए.ची पदवी सूटकेसच्या तळाशी होती. वर्षभर पोळ्या लाटून कंटाळली आणि तोयोसुत, प्रतापच्याच ऑफिसात, जपानी साहेबांना इंग्रजी शिकवू लागली. त्यात सगळ्यात मन लावून शिकायचे प्रतापचे साहेब, ओकुदा-सान. डिक्शनरीतून रोज एक नवा शब्द काढायचे आणि त्याच दिवशी कुठंतरी वापरल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

एका बुधवारी प्रताप घरात शिरला तो बूट भिरकावतच.

"तुझ्या लाडक्या विद्यार्थ्यानं अख्ख्या टीमला मेल केलाय. 'प्रताप-सानचं वेळापत्रक वाचून मी स्निकर केलं.' म्हणजे काय गं?"

"दुसऱ्याची फजिती बघून तोंडावर हात धरून हसणं."

"म्हणजे माझी फजिती?"

"अरे, त्यांना चकल म्हणायचं असेल. गालातल्या गालात, प्रेमानं हसतात ते."

"मग शिकव की नीट! पगार घेतेस ना?"

गुरुवारी तिनं फळ्यावर शब्द लिहिले: गिगल, चकल, स्निकर. अर्थ सांगून कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेना, तेव्हा तिनं लाज सोडली. आधी शाळकरी पोरींसारखी खिदळली. मग नातवाचे बोबडे बोल ऐकणाऱ्या आजोबांसारखी पोट हलवत हसली. शेवटी ओढणी तोंडाला लावून, भर मांडवात व्याह्यांचं धोतर सुटल्यावर बायका हसतात तशी खुसखुसली. वर्गातले पाचही साहेब गंभीरपणे वहीत टिपून घेत होते.

ओकुदा-साननी हात वर केला. "सेन्सेई, समोरच्यानं मूर्खपणा केला आणि मोठ्यानं हसायची सोय नसली, तर स्निकर?"

"हो."

"मग माझा मेल बरोबर होता."

त्यांनी वेळापत्रकाचा कागद तिच्यापुढे सरकवला. काम पूर्ण होण्याची तारीख होती एकतीस एप्रिल.

अनुराधानं ओठ दाबले, खिडकीबाहेर पाहिलं, तरी नाकातून आवाज निसटलाच.

संध्याकाळी प्रताप वाटच बघत होता. "काय? चकलच ना?"

खोटं बोलावं असं तिला क्षणभर वाटलं. "स्निकरच. एप्रिलचे दिवस किती रे?"

प्रतापनं मूठ वळली आणि बोटांच्या उंचवट्यांवर महिने मोजायला लागला. एप्रिल खळग्यात पडला, तसा त्याचाही चेहरा पडला.

सकाळी त्यानं दुरुस्त वेळापत्रक पाठवलं. ओकुदा-सानचं एका ओळीत उत्तर आलं: 'या वेळी अजिबात हसू आलं नाही.'

"बघितलंस?" प्रतापनं फोन करून अनुराधाला ऐकवलं. "माणूस म्हणून जरा तरी हसायचं!"