फोटोपुरत्या लावलेल्या लाल फिती

मित्रांनो, मी एक जुनं रॉकेट आहे. खरं बोलायचं तर रॉकेटचं शेपूट आहे. तीन पंख आणि वर हातभर पिवळी नळी, एवढाच आता उरलो आहे. बाकीचा मी कुठे गेलो ते सांगायला बसलं की आजही माझं डोकं फिरतं, आणि डोकं तर मला राहिलेलंच नाही.

बाटलीत उभं करायचं, वात पेटवायची आणि पळत सुटायचं, त्या जातीचा मी नव्हे. उभा राहिलो की माझ्या मालकाला माझं नाक बघायला मान वर करावी लागे. इथे कॅन्ससच्या पश्चिमेला गहू कापून झाला की मोकळ्या रानात रॉकेटवेडी माणसं जमतात. माझा मालक लाइल ब्रुनगार्ट त्यांतलाच. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची नोकरी सरली. हात सोन्याचे. पण जीभ हातांपेक्षा जास्त चालते, आणि तिथेच सगळं घोडं पेंड खातं.

या माणसांच्या छंदात तीन पायऱ्या असतात. तिसरी पायरी चढायची तर सगळ्यात दांडगं इंजिन लावून रॉकेट उडवायचं आणि ते हवाई छत्रीनं अलगद खाली आणायचं. पुन्हा उडवता येईल असं धड परत आलं तरच माणूस पास. लाइल आधी दोनदा नापास झाला होता. एकदा छत्रीचा गुंता झाला, एकदा पंखच गळून पडले. दोन्ही वेळा त्यानं वाऱ्याला दोष दिला.

माझा जन्म ब्रुनगार्टांच्या जेवणाच्या टेबलावर झाला. तिथेच मला पंख चिकटवले, घासलं, रंगवलं, रंग आवडला नाही म्हणून पुन्हा घासलं. लाइलची बायको नोरीन ताट मांडीवर घेऊन जेवायची.

"लाइल, हे टेबल माझ्या आईनं दिलंय. जेवायला."

"अगं, एवढे पंख वाळले की झालंच."

"गेल्या हिवाळ्यातही एवढेच पंख वाळायचे होते. ऐक, हे शेवटचं. हेही मोडून आणलंस तर टेबल रिकामं करायचं आणि हा सगळा पसारा भंगारात घालायचा. कबूल?"

लाइलनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कबूल," तो म्हणाला. त्याचा आवाज एवढा बारीक झालेला मी तोवर ऐकला नव्हता.

आता नोरीनची गंमत बघा. तोंडानं बडबड आणि हातानं टाके. आधीच्या छत्रीला लाइलनं घातलेली शिवण तिला बघवली नाही, म्हणून माझी छत्री तिनंच शिवायला घेतली. केशरी आणि पांढऱ्या कापडाच्या पाकळ्या. हिवाळाभर तिचं मशीन चालू होतं. एक शिवण वाकडी गेली तर तिनं ती सगळी उसवली. "कोण बघणार आहे एवढ्या वर?" लाइल म्हणाला. "मी बघणार आहे," ती म्हणाली.

माझ्या पोटात काड्यापेटीएवढी दोन यंत्रं बसवली होती. मी वर जाऊन थांबलो, की चिमूटभर दारू उडवून छत्री बाहेर ढकलायची, हे त्यांचं काम. एक चुकलं तर दुसरं असावं म्हणून दोन. प्रत्येकाला एक पिन. पिन आत असेपर्यंत यंत्र झोपलेलं. पिन काढली की ते जागं होऊन टिवटिवायला लागतं. पिन विसरू नये म्हणून तिला लांब लाल फीत. मित्रांनो, इतकं सोपं! शेळीला शिकवलं तर शेळीलाही जमेल.

उडवायचा दिवस आला. सुरक्षेच्या टेबलापाशी मेव्हिस टेड्रो बसली होती. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय इथे काहीच उडत नाही. तिनं माझे पंख ओढून पाहिले, पोटावर टकटक केली. "पिना कधी काढणार?" तिनं विचारलं.

"उभं केल्यावर, अगदी शेवटी."

"काढल्यास की वॉकीटॉकीवर सांग. गप्पा मारू नकोस, फक्त सांग."

लाइल आणि त्याचा मित्र रॉयस फॅनेन्स्टील यांनी मला दूर रानात नेऊन लोखंडी पट्टीला लावून उभं केलं. लाइलनं पिना काढल्या. माझ्या पोटात दोन्ही यंत्रं टिवटिवू लागली. मला काय वाटलं म्हणून सांगू! सगळे हाल, सगळी घासाघीस त्या आवाजासाठीच तर होती. लाइल वॉकीटॉकीवर म्हणाला, "मेव्हिस, दोन्ही जागी आहेत." इथेच तो वळून चालायला लागला असता, तर आज मी हातभर नसतो.

पण रॉयसनं फोन काढला. "थांब, थांब! एक फोटो. आणि हे बघ, त्या फिती लाव की परत. पिवळ्यावर लाल काय खुलतं! फोटोपुरतं रे!"

आणि लाइलनं लावल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टिवटिव बंद. पोटात सामसूम.

मग एक फोटो टोपी घालून, एक टोपी काढून, एक माझ्या गळ्यात हात टाकून, आणि एकात रॉयसचं बोटच आडवं आलं म्हणून आणखी एक. तेवढ्यात मेव्हिसचा आवाज आला, "वारा चढतोय, आटपा!" झालं. दोघंही लगबगीनं निघाले. नोरीननं डब्यात आणलेले बीरॉक, म्हणजे कोबी आणि खिमा भरून भाजलेले पाव, गार होतील का, यावर त्यांची चर्चा रंगली होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. फिती माझ्या कुशीवर फडफड आपटत होत्या. पण रॉकेटची हाक कोण ऐकतो?

पुढचं मला मागाहून कळलं, कारण इथे ते दर महिन्याला कुणी ना कुणी सांगतंच. उडवताना सगळ्यांनी ज्या रेषेमागे थांबायचं असतं, तिथे रॉयसनं नोरीनला फोटो दाखवला. मेव्हिसची उलटी मोजणी सुरू होती. नोरीननं फोटो जवळ धरला.

"रॉयस, हा पिना काढायच्या आधीचा ना?"

"छे, नंतरचा. फिती परत लावायची आयडिया माझीच!"

नोरीन किंचाळली, "थांबवा!" पण मेव्हिसचं बोट बटणावर पडलं होतं.

मी उडालो. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, तो आनंद काही औरच होता. जमीन फाटल्यासारखा आवाज झाला आणि रान, गाड्या, माणसं, गव्हाची उंच कोठारं सगळं पायाखाली गेलं. वर पोहोचलो तेव्हा अगदी शांत होतं. मी वाट पाहिली. आता फटकन आवाज होईल, आता छत्री उघडेल. दोन्ही यंत्रं ढाराढूर झोपलेली. मग माझं नाक हळूहळू खाली वळलं.

असं झालं की इथे सगळे उभे राहतात, बोट माझ्याकडे रोखतात आणि ओरडतात, म्हणजे कुणी बेसावध राहू नये. वरून मला ती सगळी बोटं दिसत होती. मग माती दिसली, आणि मग काहीच दिसलं नाही.

ज्याचं रॉकेट रुतलं त्यानंच खणायचं आणि बाकीच्यांनी काठावर उभं राहून अक्कल शिकवायची, असा इथला रिवाज आहे.

"लाइल, सूर्यफुलाचं बी एवढं खोल पेरत नाहीत रे!"

"पाणी घाल, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत येईल वर!"

एरवी लाइलनं एकाला दहा उत्तरं दिली असती. त्या दिवशी तो नुसता खणत राहिला. रॉयस न सांगता दुसरं फावडं घेऊन खड्ड्यात उतरला. माझं नाक, पोट, यंत्रं, सगळ्याचा चुरा झाला होता. फिती मात्र जागच्या जागी, पिनांसकट. लाइलनं त्या हातात धरल्या आणि तो खड्ड्याच्या काठावर बसला.

"कबूल केलं होतं," तो नोरीनला म्हणाला. "उद्या टेबल रिकामं करतो. बाकीचं भंगारात."

नोरीन वाकली. चुऱ्यातून तिनं छत्री ओढून काढली. मातीनं माखलेली, पण शाबूत. जशी घडी घातली होती तशीच. ती घडीकडे बघत राहिली, आणि मग तिचा बांध फुटला.

"हिवाळाभर शिवली मी ही! एक टाका वाकडा नाही. आणि उघडलीच नाही! उघडू दिली नाहीस तू, लाइल! फोटोसाठी!" तिनं डोळे पुसले. "टेबल राहू दे तसंच. दुसरं बांध. मला ही वर उघडलेली बघायचीय. पण पिना मी काढणार, आणि माझ्या मुठीतून त्या कुणी मागायच्या नाहीत."

आता मी मेव्हिसच्या टेबलावर असतो. वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवतात. इथे आता नवा नियम आहे: काढलेल्या फिती माझ्या पंखांपाशी आणून टाकल्याशिवाय मेव्हिस मोजणी सुरू करत नाही. कुणी कुरकुर केली तर ती फक्त माझ्याकडे बोट दाखवते.

परवा लाइलचं नवं रॉकेट उडालं. नोरीन स्वतः रानात गेली, पिना काढल्या, मूठ घट्ट आवळून परत आली. वाटेत रॉयस म्हणाला, "नोरीन, एक फोटो?" ती म्हणाली, "खाली आल्यावर." फिती माझ्यापाशी पडल्या, मोजणी झाली, आणि मग वर, अगदी वर, केशरी-पांढरं फूल उमललं. लाइल लहान पोरासारखा रडला. नोरीन डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बघत राहिली, टाके मोजावेत तशी.

मित्रांनो, फोटो काढा, मिरवा, माझी ना नाही. पण ज्या गोष्टीवर कुणाचा जीव टांगलेला आहे, तिला सजावट समजू नका. आणि शेवटचा हात लावून झाला, की पुन्हा हात लावू नका. एवढंच सांगायचं होतं.

पास झालेल्या त्या रॉकेटचा मी मत्सर करत नाही. पण ती छत्री माझ्या मापानं शिवली होती. एकदा तरी ती माझ्या डोक्यावर उघडायला हवी होती.