लाखीची घंटा

हुरबाईशी घासाघीस करायची हिंमत भुजच्या बाजारात फार थोड्या दुकानदारांना होती. भाव ऐकला की ती आधी हसायची, मग उठायची, आणि मग दुकानदारच तिच्या मागे यायचा. पण त्या सकाळी छकड्यातून झुरा गावाला जाताना तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, की आलीमामद लोहार सांगेल तो भाव मुकाट्याने द्यायचा. वस्तू तेवढी मनासारखी मिळायला हवी. शेजारी तिचा नवरा जुसब तोंड पाडून बसला होता. येणारच नव्हता, तिने ओढून आणला होता.

जुसबचे डोळे काचबिंदूने जाऊन सात वर्षं झाली होती. तरी म्हशींमागे जाणं त्याने सोडलं नव्हतं. आमच्या बन्नीत, भुजच्या उत्तरेकडच्या गवताळ रानात, म्हशी रात्री चरतात आणि पहाटे घरी येतात. त्या अंधारात डोळसालाही काय दिसणार, तेव्हा जुसबचं काही अडत नसे. पुढे म्होरकी म्हैस लाखी, तिच्या गळ्यात आलीमामदच्या बापाने घडवलेली घंटा, त्या आवाजामागे बावीस म्हशी आणि त्यांच्या मागे जुसब. एवढ्यावर सगळं चाललं होतं.

बारा दिवसांपूर्वी वेड्या बाभळीच्या काट्यांत पट्टा तुटला आणि घंटा चिखलात गेली. त्यांच्या मुलाने, हाशमने, बाजारातून साच्यात ओतलेली एक चकचकीत घंटा आणून बांधली. तसल्या घंटा शेजारच्या तीन कळपांतही होत्या. दुसऱ्याच रात्री जुसब परक्या म्हशींमागे चालत गेला, आणि पहाटे भलत्याच वस्तीत, भलत्याच अंगणात उभा राहून म्हणाला, "हुरबाई, चहा ठेव." तिथल्या सुनेने पदराआड हसत चहा दिला. जुसबने तो प्यायला आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. हाशम म्हणाला, आता बसा घरी, बापा, मी बघतो म्हशींचं. मुलगा मायेनेच बोलला. पण एकदा घरी बसलेला जुसब पुन्हा उठणार नाही, हे हुरबाईला चांगलं ठाऊक होतं.

आलीमामदचं दुकान म्हणजे त्याच्या घराची पडवी. आडव्या बांबूवर घंटा टांगलेल्या, शेळीच्या पिल्लाला शोभेल अशा चिमुकल्या घंटेपासून उंटाच्या गळ्यात मावेल अशा थोराड घंटेपर्यंत. हुरबाईने आजवर घंटा फक्त गळ्यात बघितल्या होत्या. ती एक एक हातात घेऊन बघू लागली. नुसता लोखंडी पत्रा वाकवून, ठोकून, कडा एकमेकींत अडकवून केलेली ती वस्तू. कुठे डाग दिलेला नाही, कुठे खिळा नाही. वर पितळेची पूड, माती आणि भट्टीची धग, की रंग तांब्यासारखा. हे सगळं हाताने करतात यावर तिचा विश्वास बसेना. भाव करायचा नाही म्हटल्यावर तिला वस्तूकडे नीट बघायला सवड मिळाली होती, आणि हे सुख तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं.

आलीमामदने एक एक घंटा वाजवायला सुरुवात केली. जुसब ओट्यावर पाय सोडून बसला होता. पहिली वाजली तसा तो कंटाळून म्हणाला, ही शेजारच्या वस्तीतल्या हलेपोत्रांच्या कळपातली. दुसरी वाजली, तर म्हणे अशीच एक त्या रागीट रबाऱ्याच्या उंटाला आहे. तिसरीवर तो नुसता मान हलवत राहिला. आलीमामदचा हात थांबला. हे आवाज आपल्या बापाने कुणाकुणाला दिले होते ते त्यालासुद्धा इतकं पाठ नव्हतं.

"काका, तुमचा आवाज इथे टांगलेल्यांत सापडायचा नाही," तो म्हणाला. "एका कुरणात दोन कळपांना एक आवाज द्यायचा नाही, ही अब्बांची रीत होती. तो पुन्हा घडवावाच लागेल."

त्याने भट्टीतून काढून ठेवलेली एक घंटा घेतली, आत शिसवीचा लोलक अडकवला आणि हलवली. रिकामा डबा बडवावा तशी ती वाजली. हुरबाईचा चेहरा उतरला. आलीमामद हसून म्हणाला की भट्टीतून येते तेव्हा प्रत्येक घंटा मुकीच असते. मग त्याने लहानशी हातोडी घेतली आणि काठावर, बोटाने टिचकी मारावी इतक्या हलक्या हाताने चार ठोके दिले. घंटा हलवली आणि ती बोलली. हुरबाईच्या अंगावर काटा आला. चार ठोक्यांपूर्वी हा आवाज जगात नव्हता.

"बसून ऐकू नका, काका," आलीमामद म्हणाला. "लांब जा."

गावच्या तळ्याच्या बांधापलीकडे, पिलूच्या झाडाखाली जुसबला नेऊन उभं केलं. आलीमामदने घंटा स्वतःच्या गळ्यात बांधली, खाली वाकला आणि चालू लागला. लांबून जुसब ओरडला, या म्हशीच्या मागे कुत्रं लागलंय का? आलीमामद पुरता लाजला. हुरबाई म्हणाली, आण इकडे, लाखी कशी चालते ते तुला काय माहीत. तिने पट्टा आपल्या गळ्यात घातला, ओढणी सावरली आणि लाखीसारखी चालू लागली. संथ, दर दोन पावलांनी मान किंचित डावीकडे टाकत. झुऱ्याच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. हुरबाईने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. रमजानपासून तिचा डावा गुडघा ठणकत होता. घरात तिने कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि आताही ओठ दाबून ती सरळ चालत राहिली.

जुसबने दोन वेळा नाही म्हणून हात हलवला. दोन्ही वेळा आलीमामदने काठावर हातोडी टेकवली, आवाज एकदा जाड झाला, एकदा जरा खोल गेला. तिसऱ्या वेळी हुरबाई तळ्याला वळसा घालून निघाली आणि जुसबने हात वर केलाच नाही. तो चालू लागला. काठी झाडाला टेकलेली तशीच राहिली. बांध चढून, उतरून, वाटेतला चर नेमका टाळून तो थेट हुरबाईपुढे येऊन थांबला. दहा दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस असा चालताना पाहून तिचे डोळे भरून आले.

त्याने हात पुढे करून घंटा चाचपली.

"आवाज तोच आहे," तो म्हणाला. "पण लाखी अशी चालत नाही."

आलीमामदने निमूटपणे हातोडी उचलली.

"ठेव ती, बाळा. तुझ्या घंटेत खोट नाही. चालणारी डाव्या पायावर भार टाकायचं टाळतेय." मग तो हुरबाईकडे वळला. "कधीपासून?"

घरात सून होती, मुलगा होता, दोन डोळे असलेली सहा माणसं होती, कुणाला कळलं नव्हतं. आणि आज सकाळपर्यंत मुक्या असलेल्या घंटेने ते तळ्यापलीकडे जाऊन सांगितलं.

"रमजानपासून," ती म्हणाली.

"चार महिने माझ्या मागून चाललीस. मला कळलं नाही."

"तुम्ही म्हशींच्याच मागे. माझ्या गळ्यात कुठे घंटा होती."

जुसबने तिच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि घंटा आपल्या हातात घेतली. आलीमामदने भाव सांगितला आणि हुरबाईने मुकाट्याने दिला. आज संध्याकाळी म्हशी घेऊन मीच जाणार, असं हाशमला सांग, एवढं जुसब म्हणाला. मग दोघं छकड्याकडे निघाली. घंटा हातात वाजत होती, आणि आयुष्यभर बायकोच्या चार पावलं पुढे चाललेला जुसब हुरबाईच्या डाव्या बाजूला येऊन, तिचं पाऊल पडेल तेव्हाच आपलं पाऊल टाकत होता.