चिंचेपासून वेशीपर्यंत

“नेत नाही म्हंजे काय व रुपे? तुह्या पाया पडू का आता?”

माझ्या सासूचा, सोजरबाईचा, आवाज एरवीच वेशीबाहेर ऐकू जायचा. त्या दिवशी तर तिच्या कडेवर नातू होता, माझा दगडू, आणि समोर चिंचेखाली उभी असलेली डोंबाऱ्याची रुपाबाई मान हलवून नाही म्हणत होती. सगळं गाव गोळा झालेलं. वर दोर ताणलेला, चिंचेच्या फांदीपासून थेट वेशीच्या बुरजापर्यंत. ढोल थांबला होता. मी पदर तोंडात धरून उभी होते.

वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की कोसाभरावर आमचं गाव. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. ज्वारीची खळी उरकली की डोंबारी यायचे. दुसऱ्या गावांत ते नुसता खेळ करत. आमच्या गावात मात्र एक रीत होती. नवीन जन्मलेलं लेकरू रुपाबाई छातीशी झोळीत बांधायची आणि दोरावरून पलीकडे न्यायची. कोणी सुरू केलं देव जाणे. दोरावरून गेलेलं लेकरू जगतं, आणि पुढे कशाला भीत नाही, असं बायका म्हणायच्या. माझा नवरा शालिग्राम तिनेच नेलेला. तो खरंच कशाला भ्यायचा नाही, एक आई सोडली तर.

आणि एवढं असूनही तिला शिवायचं नाही, हीसुद्धा रीतच! झोळी जमिनीवर अंथरायची, लेकरू तिच्यात ठेवून आईने मागे सरायचं, मग रुपाबाईने उचलायचं. परत घेताना त्याच्यावर पाणी शिंपडायचं. जोंधळा सुपातून तिच्या पदरात वरूनच टाकायचा. ज्या हातांत पोटचा गोळा द्यायचा, त्याच हातांचा विटाळ! पण तेव्हा कोणाच्या मनात हे आलं नाही, माझ्याही नाही.

मी कारंज्याची. बाजारपेठेच्या गावात शहाणपण जरा जास्तच असतं, म्हणून लग्न होऊन आले तेव्हा मी या रीतीला हसले होते. मग तिला वर चढताना पाहिलं. खाली ती चारचौघींसारखी, काळीसावळी, जरा ठेंगणीच. दोरावर पाय ठेवला आणि बाई बदलली. एक पाय पुढे, अंगठ्याने दोर धरायचा, मग दुसरा. लेकरू छातीशी झोपलेलं, हात दोन्हीकडे पसरलेले, नजर समोरच्या बुरजावर रोवलेली. माणसं श्वास घ्यायची विसरली होती. हसायचं तर सोडाच, मी नकळत हात जोडले होते.

पुढे माझी लागोपाठ दोन लेकरं गेली. एक सव्वा महिन्याचं होतं, दुसरं दात यायच्या वेळेला गेलं. दोघांनाही रुपाबाई येईपर्यंत दम धरवला नाही. तिसरा झाला, त्याचं नाव सासऱ्यांनी दगडू ठेवलं. सासऱ्यांचं स्वतःचं नाव उकंडराव, तेसुद्धा असंच मरणाच्या नजरेत भरू नये म्हणून ठेवलेलं. दगडू झाल्यापासून मी रोज एकच म्हणायचे, रुपाबाई येईपर्यंत जग रे बाबा. ती मागच्या साली आलीच नव्हती. यंदा आली, नवऱ्याच्या, हरिसिंगच्या, खांद्यावर हात ठेवून आली, आणि आता म्हणते नेत नाही!

उकंडराव पुढे झाले. ते गावचे पाटील. “रुपाबाई, आमचं काही चुकलं का? जोंधळा कमी पडला का कदी?”

“नाही, पाटील.”

“मंग काहून नाही म्हनून राह्यली?”

मागून कोणीतरी म्हणालं, “माजली बाप्पा डोंबारीण! पुढच्या सालापासून वेशीच्या आत घेऊच नका.” दोघातिघांनी हो म्हटलं. हरिसिंगचा चेहरा पडला. आमच्या गावचा जोंधळा म्हणजे त्यांचा अर्धा उन्हाळा. तो ढोल गळ्यात तसाच घेऊन तिच्या कानाशी वाकला. त्याला वाटलं हळू बोलतोय, पण मी जवळच होते.

“घे व लेकरू. मी हावो ना खाली. ढोलावर चालशीन तू.”

“तू ढोल वाजव. मले शिकवू नको.” मग तिने तोंड वर केलं. पाटील उभे होते त्याच्या जरा डावीकडेच. “पाटील, मले दिसत नाही.”

उकंडराव पुढे वाकून तिच्या डोळ्यांत बघू लागले.

“डोळ्यात फूल पडलं. मागच्या साली येक गेला, मंग दुसरा. म्हनून तं आलो नाही. दुसऱ्या गावात मी एकटीच चढतो, हाती काठी रायते, काठीनं तोल समजते. लेकरू घेतलं तं काठी घेता येत नाही. मंग नजर पाह्यजे. नजर त्या बुरजावर ठेवली तं अंग सरळ रायते. ते नजर आता नाही. लेकरू नेत नाही मी.”

हरिसिंग मटकन खाली बसला. “आता काय खाशीन?” एवढंच तो म्हणाला.

“मंग दोर कायले बांधला व?” सासू म्हणाली, पण तिचा आवाज निम्मा झाला होता. दगडूला तिने पदराखाली ओढलं.

“चढाले बांधला.”

“काही नको!” उकंडराव ओरडले. “आंधळी बाई वर चढवून माह्या गावाले पाप लावता का?”

रुपाबाई हसली. “पाटील, ठेच मले खाली लागते. वर नाही लागत.”

आणि चढली की हो! कोणी काही म्हणायच्या आत चिंचेचं खोड चाचपत फांदीपर्यंत पोचली. हरिसिंगने काठी वर दिली. मग त्याचे हात ढोलावर पडले.

पुष्कळ वर्षं जगले मी, पुष्कळ पाहिलं. त्यासारखं काही पाहिलं नाही. तिने दोर पायाने दोनदा दाबला आणि निघाली. डोळे उघडे होते, पांढरट, कुठेच बघत नव्हते. पूर्वी ती बुरजाकडे बघत चालायची तेव्हा वाटायचं की नजरेने दोर ओढतेय. आता सगळी बाई पायांत उतरली होती. मधोमध वारा आला. चिंच सळसळली, दोर हलला, काठीचं एक टोक खाली गेलं. सासूने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. रुपाबाई थांबली. हरिसिंगचा ढोल हळू झाला, अगदी हळू, आई लेकराला थोपटते तसा. काठी सरळ झाली. मग ती खाली बसली, दोरावर, भरल्या वाऱ्यात, आणि उठून उभी राहिली! जिथे तिला माजली म्हणाले होते तिथूनच कोणीतरी हुंदका दिला. ती बुरजापाशी आली तसा ढोलाचा ताल बदलला. तिने हात लांब केला आणि तळवा दगडाला टेकवला. उकंडरावांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात धरलं होतं.

बुरजाच्या पायऱ्यांवरून हरिसिंगने तिला खाली आणलं. मी सासूच्या कडेवरून दगडूला हिसकावून घेतलं आणि धावले.

“मावशी, नेय याले. तुले दिसत नसन तरी नेय.”

“येडी झाली का व पोरी?” सासू मागून ओरडली. मघाशी तीच पाया पडायला निघाली होती!

“दोन गेले माह्ये,” मी म्हणाले आणि रडायलाच लागले, सासऱ्यांसमोर, गावासमोर. “हा बी जाईन. नेय ना व.”

रुपाबाईने अंदाजाने हात पुढे केला. दगडूचा तळपाय तिच्या बोटांना लागला. तो तिने जरा वेळ मुठीत धरून ठेवला.

“माय, माह्या जीवाचा भरोसा मले हाय. याच्या जीवाचा कसा देऊ?” ती म्हणाली. मग मान वळवून म्हणाली, “दोर सोड.”

हरिसिंगला कळेना. तिने पुन्हा सांगितलं. त्याने दोर सोडला आणि ती म्हणाली तसा जमिनीवर सरळ अंथरला, चिंचेपासून वेशीपर्यंत, जसा वर होता तसाच. रुपाबाईने झोळी छातीशी बांधली. मी दगडूला खाली ठेवलं नाही, हातानेच तिच्या झोळीत दिलं. काठी न घेता तिने दोन्ही हात पसरले, उजव्या पायाच्या अंगठ्याने धुळीतला दोर धरला आणि वर चालली होती तशीच चालू लागली. पाय तितकाच जपून पडत होता. कोणी हसलं नाही. एक लहान पोरसुद्धा हसलं नाही. ढोल वाजत होता आणि दगडू तिच्या गळ्यातले काळे मणी ओढत होता.

वेशीपाशी दोर संपला. तिथे तिची पावलं थांबली. पुढे नुसती जमीन होती, आणि तिला काही समजेना. तिने एक हात झोळीवर ठेवला आणि दुसरा पुढे केला, नुसताच हवेत. हरिसिंग मागे चिंचेपाशी, गळ्यात ढोल. सगळं गाव त्या हाताकडे बघत उभं राहिलं.

सोजरबाई पुढे झाली. तिने तो हात धरला.

“चाल व रुपे,” ती म्हणाली. “इकडून. दगड हाय तिथं.”