वाडग्यातले पाट

मी एक जुना मॅशर आहे, बटाटे ठेचायचा. तुमच्याकडे पावभाजी घोटायला जो लागतो ना, त्याचा मी लांबचा चुलत भाऊ. माझा दांडा लाकडी. कधी काळी तो लाल होता. खाली नागमोडी वळवलेली जाड तार. दिसायला मी काही देखणा नाही, पण मित्रांनो, माझ्या तारेतून जेवढी वाफ वर गेली आहे तेवढी धुक्याच्या सकाळीही नदीवरून उठत नसेल.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. तार वाकवताना उठलेली कळ आणि ओल्या रंगाचा वास, एवढंच. त्यानंतर आठवतं ते लग्नघर. अमेरिकेतल्या आयडाहोत, बटाट्याच्या मुलखात, नेड्रा नावाच्या मुलीचं लग्न होतं. काचेचे पेले, चांदीचे चमचे असा आहेर मांडलेला आणि त्यात मी. सगळे हसले. मला आणणारी मावशी मात्र ठसक्यात म्हणाली, "हसा खुशाल. पोरगी बटाटेवाल्याच्या घरी चाललीय. चांदीचा चमचा काय चाटत बसणार आहे?"

नेड्राचा नवरा थेन. उंच, अबोल, डोक्यावरची टोपी फक्त प्रार्थनेला आणि झोपताना काढणारा. त्याचं सगळं आयुष्य बटाट्यात गेलं. त्या भागात बटाटा काढणीला आला की शाळाच दोन आठवडे बंद ठेवतात. मास्तरांपासून मुलांपर्यंत सगळे शेतात. थेनची मुलगी डार्लासुद्धा सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून बटाट्यांतली ढेकळं वेचायची. संध्याकाळी सगळे परतायचे तेव्हा चेहऱ्यांवर इतकी धूळ असायची, की आपलं माणूस नुसत्या डोळ्यांवरून ओळखावं लागे.

त्या दिवसांत नेड्रा ताटं मांडायचीच नाही. सगळं एकाच वाडग्यात. तळाशी ठेचलेला बटाटा, त्यावर मक्याचे उकडलेले दाणे, त्यावर पिठात घोळवून तळलेले चिकनचे तुकडे, मग त्याच कढईच्या खरवडीत पीठ परतून, दूध घालून केलेली दाट ग्रेव्ही, आणि वर चिमूटभर किसलेलं चीज. माझं काम तळाचं. उकडलेले बटाटे निथळून ती पातेलं पुन्हा मिनिटभर आचेवर ठेवायची, म्हणजे अंगचं पाणी उडून जाई. मग मी. आधी लोणी, मागाहून कोमट दूध. सुरुवातीला खच्‌ खच्‌ आवाज यायचा, मग तो मऊ व्हायचा, आणि उसासा टाकल्यासारखा एक आवाज आला की नेड्रा तिथल्या तिथे हात थांबवायची. थोड्या गाठी राहायच्या. "राहू देत," ती म्हणायची, "नाहीतर खाणाऱ्याला कळायचं कसं, की हा बटाटाच होता?"

थेनची खाण्याची एक तऱ्हा होती. तो आधी चमच्याने बटाट्यात पाट काढायचा. एक पाट चिकनकडे, एक मक्याकडे. मग मधला बांध हळूच फोडून ग्रेव्ही सोडायचा आणि ती कुठवर पोचते ते बघत बसायचा.

"जेव ना आता!" नेड्रा म्हणायची. "दिवसभर शेतात पाण्याची दारं धरलीस ती पुरली नाहीत?"

"शेवटच्या वाफ्याला पोचू दे," थेन म्हणायचा.

त्या वर्षांत मी सुखी होतो हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही. पुढे डार्ला लग्न होऊन बॉयझी शहरात गेली आणि तिने आईला विजेचा मिक्सर पाठवला. मी खणाच्या तळाशी गेलो, सुतळीचे तुकडे आणि हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या यांच्या शेजारी. तिथे अंधार असायचा आणि मला सारखी गुंगी यायची. गुंगीत वाटायचं, आपण अजून वाफेतच आहोत, वर नेड्राची बोटं आहेत. अधूनमधून ती खरीच असायची. मिक्सर ओट्यावर मिरवत असायचा आणि ती गुपचूप मला काढायची.

मग एका वसंतात नेड्रा गेली. बरेच दिवस खण कुणी उघडलाच नाही. उघडला तो थेनने. त्याला गोठ्यातल्या आईवेगळ्या वासरासाठी दुधाची भुकटी कालवायची होती. हाताला लागलो तो मी. काम झाल्यावर त्याने मला गोठ्यातच एका खिळ्याला अडकवलं. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. वासरू गोड होतं, त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पण मी माणसांच्या जेवणाचा होतो.

त्या खिळ्यावरून गोठ्याच्या खिडकीतून समोर स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. रोज संध्याकाळी तिथे पिवळा दिवा लागायचा आणि थेन येऊन भांडी घासायच्या जागेशी उभा राहायचा. तयार जेवणाचा डबा फोडायचा, त्यातच चमचा घालायचा, चार घास उभ्यानेच गिळायचा, चमचा विसळायचा आणि दिवा मालवायचा. मागे टेबल तसंच, खुर्च्या आत सरकवलेल्या. बाहेर कधी धुकं, कधी बर्फ. त्या चौकटीतलं ते चित्र मी इतकं पाहिलं, की जागेपणी आणि गुंगीत मला तेच दिसू लागलं. फक्त माणूस महिन्यागणिक बारीक होत गेला.

बटाट्याच्या काढणीनंतर डार्ला आली. बापाला शोधत ती सरळ गोठ्यातच आली.

"डॅड, कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने भोक पाडलंय तुम्ही."

"जुना पट्टा. सैल पडतो."

"पट्टा सैल नाही पडलेला." तिने त्याचं लोंबतं टोक बोटाने उचललं. "बॉयझीत जागा बघितलीय मी. दोन खोल्या, तुमच्याच वयाची माणसं, जेवण खाली हॉलमध्ये."

"बटाटा देतात?"

"देतात ना."

"खरा की भुकटीचा?"

डार्ला वासराकडे बघू लागली. तेवढ्यावरून त्याला काय ते कळलं. "मी इथून हलणार नाही," तो म्हणाला.

"मग ऐका. रविवारी येते मी. तुमच्या हातचा आईचा वाडगा वाढा मला. नीट झाला तर वर्षभर हा विषय काढणार नाही. नाही झाला तर सामान बांधायचं, कुरकुर न करता."

थेनने वासराच्या पाठीवर हात ठेवला आणि मान हलवली. जमीन कधीच दुसऱ्यांना कसायला दिली होती. त्याचं म्हणावं असं आता ते घर, ते वासरू आणि डझनभर कोंबड्या एवढंच उरलं होतं.

गुरुवारी तो एक पातेलं घेऊन आला आणि गोठ्याच्या दाराशी त्याने ते कोंबड्यांसमोर उपडं केलं. धप्पकन एक करडा गोळा पडला. कोंबड्यांनी चोच मारून पाहिली आणि पाठ फिरवली. नेमकी त्याच वेळी शेजारची वेल्डा अंडी न्यायला आली होती. नेड्राची ही जुनी मैत्रीण, जिभेची धारदार.

"हे काय रे?"

"बटाटा."

"हा? याने भिंतीला कागद चिकटेल!"

"मिक्सरने केला. मऊ व्हावा म्हणून दहा मिनिटं फिरवला."

वेल्डाने कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षं बटाटा पिकवलास, थेन, आणि एवढंही ओळखलं नाहीस त्याला? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अरे, त्याला जितका छळशील तितका तो चिकट होत जातो. नेड्राचा मॅशर कुठाय?"

थेनने अगदी सावकाश वर पाहिलं. वेल्डानेही पाहिलं. माझ्या तारेत वाळलेलं दूध होतं आणि दांड्याला गवत चिकटलेलं होतं.

"शाबास," वेल्डा म्हणाली. आणि अंडी घेऊन ती चालती झाली.

त्या दुपारी थेनने मला गरम पाण्यात बुडवलं. सोडा टाकून एकेक वळण घासलं. दांडा पुसताना तो पुटपुटला, "ती असती तर तुझ्यानेच मला बडवलं असतं." मला वाटलं, मी पुन्हा त्याच जुन्या वाफेत तरंगतो आहे. पण हे हात वेगळे होते. यांना जोर ठाऊक होता, धीर नव्हता.

रविवारी त्याने बटाटे उकडले, निथळले, पातेलं पुन्हा आचेवर ठेवलं. हे त्याला वेल्डाने फोनवरून दटावून सांगितलं होतं. मग मला धरलं. खच्‌ खच्‌. लोणी, दूध. आवाज मऊ झाला. कुठे थांबायचं हे मात्र वेल्डाने सांगितलं नव्हतं, आणि मला तोंड नाही. माझी तार भीतीने ताठ झाली. अजून थोडा जोर लावला असता तर झालाच असता पुन्हा गोळा. तेवढ्यात तो उसाशासारखा आवाज आला आणि थेनचा हात आपोआप थांबला.

"इथे ती थांबायची," तो म्हणाला.

मागच्या दाराशी चिखलाचे बूट काढता काढता चाळीस वर्षं त्याने तो आवाज ऐकला होता. ऐकतोय हे त्यालाही माहीत नव्हतं.

डार्ला आली, बसली, वाडगा ओढून घेतला. पहिला घास घेतला. मग म्हणाली, "चिकन करपलंय."

"एकाच बाजूने," थेन म्हणाला.

ती हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. वाडगा चाटूनपुसून खाल्ला. "बरं. एक वर्ष," ती म्हणाली. पण निघताना दाराशी ती थबकली. "आज मी होते म्हणून केलंत, डॅड. उद्या?"

गाडी गेली तरी थेन दारात उभा होता.

मित्रांनो, खरी परीक्षा सोमवारी झाली आणि ती पाहायला माझ्याखेरीज कुणी नव्हतं. संध्याकाळी थेनने दोनच बटाटे उकडले. ठेचले, बरोबर जागी थांबला. कालचं चिकन गरम केलं, ग्रेव्ही ओतली. मला घासायच्या भांड्यांत ठेवलं आणि वाडगा घेऊन तो सवयीने माझ्यापाशीच उभा राहिला. चमचा उचलला. घास तोंडाशी नेला आणि तसाच थांबला. खिडकीबाहेर ओसाड शेतांवर धुकं उतरत होतं. वाडग्यातून वाफ निघत होती. ती संपेपर्यंत तो असाच उभा राहणार, असं मला वाटलं.

मग मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. थेन टेबलाशी बसला. त्याने टोपी काढून बाजूला ठेवली, चमच्याने सावकाश दोन पाट काढले, मधला बांध फोडला, आणि ग्रेव्ही शेवटच्या वाफ्याला पोचेपर्यंत वाट पाहिली. मग तो जेवला.

आता मी ओट्याशेजारी, हाताला येईल अशा खिळ्यावर असतो. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना घासूनपुसून ठेवा, त्यांना भलत्या कामाला जुंपू नका, हे मी सांगेनच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. तुमच्या ओळखीत कुणी एकटं राहत असेल, तर त्याला नुसतं 'जेवलास का?' असं विचारू नका. 'बसून जेवलास का?' असं विचारा.