दारावरची कोरी जागा

“वर लिहिलंय हात थरथरतो, आणि खाली सही बघा कशी रेखीव!” वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र उजेडात धरलं. “काका, ही तुम्ही केलीत?”

म्हाताऱ्या पेंटरकाकांनी सुनेकडे पाहिलं. सून खिडकीबाहेर बघू लागली.

“मीच केली,” ती शेवटी म्हणाली. “जुनी सही समोर ठेवून गिरवली. बँकेत बाबांची सही तिसऱ्यांदा परत केली हो. ही तुमची नाहीच, म्हणाले. तेव्हापासून बाबा धड जेवले नाहीत.”

“माझं नाव, माझा हात, आणि म्हणे मी नव्हेच,” काका पुटपुटले.

वकीलबाईंना आलेलं हसू जागीच विरलं. नोटरीची सनद नुकतीच हाती पडली होती, शिक्क्याला अजून शाईसुद्धा लागली नव्हती. वर्षानुवर्षं वकिली, मग अर्ज, मग मुलाखत, मग टपालाकडे डोळे. आईनं तर टोला हाणलाच होता: “एवढा आटापिटा कशासाठी, तर लोक सही करतात ते बघत बसायला?”

आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते हे! या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या काकांच्या हातच्या. लहानपणी वकीलबाई त्यांच्या शिडीखाली आ वासून उभ्या राहत. आखणी नाही, पट्टी नाही, आणि अक्षर कसं ऐटीत उतरायचं! त्यापायी शाळेत कितीदा उशीर झाला आणि बोलणी खाल्ली.

त्यांनी मसुद्याची कोरी प्रत काकांपुढे सरकवली. “जुनी सही माझी आणि ही नवीही माझीच, एवढंच यात म्हटलंय. माझ्यासमोर करा.”

“वाकडी येईल गं पोरी.”

“येऊ द्या. तुम्हीच केलीत, हे मी लिहून देणार.”

काकांनी पेन उचललं. हात असा उडाला की पहिला ठिपका भलतीकडेच पडला. सून मदतीला पुढे झाली, वकीलबाईंनी मानेनंच तिला थांबवलं. काकांनी डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं. अक्षर घसरलं, थांबलं, पुन्हा चढलं. कपाळावर घाम आला, पण पेन काही सुटलं नाही. सही संपल्यावर त्यांनी मान तिरकी केली आणि एक डोळा मिटून कागदाकडे पाहिलं. शिडीवरून पाहायचे, अगदी तसंच.

वकीलबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. अगं बाई, हेच की ते काका! त्यांनी शिक्का शाईत बुडवला आणि दाबला. पण तो तिरपा उमटला.

“तुझाही वाकडाच आला की!” काका म्हणाले, आणि सुनेला कितीतरी दिवसांनी त्यांचं हसू दिसलं.

कागद घेऊन दोघं निघाली. काका दाराशी थबकले. “पाटी नाही लावलीस अजून?”

“छापायला टाकणार होते,” वकीलबाई म्हणाल्या. “पण आता नाही टाकत. तुम्ही दारावरच लिहा.”

काकांनी हात खिशात घातला. “चेष्टा करतेस म्हाताऱ्याची? शिडीवर चढवत नाही आता मला.”

“खुर्ची देते.”

“एकेका अक्षराला दिवस लागेल.”

“लागू द्या,” वकीलबाई म्हणाल्या. “मी बघत बसेन.”